ओट्याला धरून सुरुवात करा : घरातल्या वयस्कर माणसांचा तोल सुधारायचा व्यायाम

मागच्या श्रावणात आमच्या आक्का स्वयंपाकघरात पडल्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४. फरशी ओली नव्हती, पाय कशात अडकला नव्हता, चक्करपण आली नव्हती. दूध उतू जायला लागलं म्हणून त्या फ्रिजपासून गर्रकन वळल्या, अंग वळलं पण पाय तिथंच राहिले आणि सगळा भार डाव्या हातावर आला. मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, हाड चांगलं जुळलं, पण खरं नुकसान त्याच्या पुढं झालं. परत पडीन या भीतीनं आक्का उठेनाशाच झाल्या, आणि आम्हीपण काळजीपोटी तुम्ही बसा हो, मी देते आणून असं म्हणत सगळं हातात देत राहिलो, चहा हातात, ताट हातात, औषध हातात. चार महिन्यांत अशी वेळ आली की खुर्चीतून उठायला दोन्ही हातांनी रेटा द्यायला लागायचा.

मनगटाच्या व्यायामासाठी मिरजेला एका फिजिओ मॅडमकडे जात होतो. त्यांनी आक्कांना खुर्चीतून उठताना बघितलं आणि म्हणाल्या, हात बरा झालाय, आता पायांचं बघा. तिथून हे सगळं सुरू झालं. आता आमच्या कॉलनीतल्या दत्त मंदिराच्या सभामंडपात आठवड्यातनं तीन दिवस आठ-दहा आज्या-आजोबा जमतात, म्हणून म्हटलं ज्यांना घरी सुरू करायचंय त्यांच्यासाठी नीट लिहून काढावं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण सगळे इथंच चुकतात. म्हणतात, आम्ही रोज आमराई बागेत फिरायला जातो की, मग वेगळा व्यायाम कशाला? आक्कापण जायच्या, रोज चाळीस मिनिटं, तरी पडल्या. चालणं चांगलंच आहे, शुगरला, बीपीला, मनाला, ते सोडायचं नाही. पण सरळ रस्त्यावर चालताना जेवढं सांभाळायला लागतं त्यापेक्षा वळताना, थांबताना, खाली वाकताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, अंथरुणातनं उठताना जास्त सांभाळायला लागतं, आणि त्याची सवय नुसत्या चालण्यानं होत नाही. तोलाचा सराव वेगळाच करायला लागतो. २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र तपासून एक मोठा आढावा निघाला, २३ हजारांवर वयस्कर लोकांचा, त्यात व्यायामामुळं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि भरवशाचा पुरावा होता तो तोल आणि उठणं-बसणं अशा रोजच्या हालचालींचा सराव देणाऱ्या व्यायामाचा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचा एक व्यायामक्रम तयार झालाय, खाली लिहिलेलं बरंचसं त्याच धर्तीचं आहे, त्याच्या चाचण्यांत तर पडणं ३५ टक्क्यांपर्यंत कमी झालं होतं.

तोल राहतो कशावर

हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. शरीराला आपण सरळ आहोत का वाकलोय हे तीन ठिकाणांहून कळतं : डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यातली जाणीव. तिन्हीपैकी एक कमी पडलं तर बाकीचे दोन सांभाळून घेतात. आता बाथरूममध्ये काय होतं बघा, तोंडाला साबण लावला की डोळे मिटतात, म्हणजे एक गेलं. शुगर जुनी असेल तर तळपाय बधिर झालेले असतात, म्हणजे दुसरंपण गेलं. राहिला आतला कान, तो वयानं मंदावलेला. म्हणून तोंड धुताना झोक जातो. आमच्या गटातल्या एका काकांना हे कळल्यावर ते म्हणाले, अहो मला वाटायचं बीपी वाढतंय. त्यांनी आता मोरीत प्लास्टिकचा नाही तर चांगला जड स्टूल ठेवलाय आणि बसून अंघोळ करतात.

आणि समजा झोक गेलाच, तरी पाय पटकन पुढं टाकून अंग सावरायचं काम मांड्या, पोटऱ्या आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू करतात. ते ढिले पडले की डोक्याला कळतं आपण पडतोय, पण पाय वेळेवर येत नाही. म्हणून ताकद आणि तोल, दोन्ही पाहिजे.

सुरू करायच्या आधी

वर्षात दोनदा पडलेले असाल, किंवा एकदाच पण लागलेलं असेल, छातीत दुखत असेल, हल्ली अचानक एका बाजूला पाय ओढल्यासारखा होत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग हे वाचा. डॉक्टरांकडं गेलात की दोन गोष्टी आठवणीनं करून घ्या. एक, बीपी झोपून आणि मग उभं राहून असं दोन्ही मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर ते डोळ्यापुढं अंधारी येण्याचं कारण असू शकतं आणि ते व्यायामानं नाही, गोळ्या बघून सुधारतं. दोन, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेची गोळी तर नक्कीच दाखवा. स्वतःच्या मनानं मात्र कुठलीही गोळी बंद करू नका. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते असं होत असेल तर तो बहुतेक कानातला प्रकार असतो, त्यावर डोकं ठराविक पद्धतीनं फिरवायचा उपाय डॉक्टर करतात आणि बऱ्याच जणांना एक-दोनदातच बरं वाटतं. उगाच वय झालं म्हणून सोसत बसू नका.

जागा म्हणाल तर स्वयंपाकघराचा ओटा. याच्यासारखं दुसरं काही नाही, कंबरेच्या उंचीला असतो, हलत नाही, आणि लांबडा असतो. गॅस बंद पाहिजे. टेबल, टीपॉय, दाराचा पडदा, वॉशिंग मशीन यांना धरायचं नाही. मागं एक जड खुर्ची ठेवा, लाकडी नाहीतर लोखंडी, भिंतीला टेकवून. प्लास्टिकची पांढरी खुर्ची अजिबात नको, ती सरकते. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, नाहीतर अनवाणी, पण शुगरवाल्यांनी अनवाणी नको. मोजे घालून फरशीवर तर कुणीच नको. साडी असेल तर घोट्याच्या वर खोचून घ्या, आक्कांची नऊवारी नसते, पाचवारीचा काठ टाचेखाली यायचा, आता व्यायामाच्या वेळेला त्या सरळ पंजाबी ड्रेस घालतात. पहिले पंधरा दिवस घरातलं कुणीतरी शेजारी उभं पाहिजे, पण हात धरून नाही, नुसतं हाताच्या अंतरावर.

पहिल्या दिवशी दोन मोजमापं

आज आपण कुठं आहोत हे माहीत नसेल तर दोन महिन्यांनी फरक पडला का नाही कळणार कसं. पहिलं खुर्चीचं. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, खुर्चीत मध्यावर बसायचं, मोबाइलवर ३० सेकंद लावायचे, आणि पूर्ण उभं राहून परत बसायचं असं किती वेळा होतं ते मोजायचं. हाताचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य धरतात. वय ७० ते ७४ असेल तर बायकांचं १० पेक्षा आणि पुरुषांचं १२ पेक्षा कमी भरलं तर पाय कमजोर समजायचे, ७५ ते ७९ ला बायकांचं १० आणि पुरुषांचं ११, ८० ते ८४ ला ९ आणि १०. आमच्या आक्कांचा पहिला आकडा शून्य होता. हाताशिवाय उठताच आलं नाही.

दुसरं उभं राहायचं. ओट्याशेजारी उभं राहून आधी दोन्ही पाय जोडून १० सेकंद, मग एक पाय अर्धा पुढं, म्हणजे मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या मधल्या खळग्याला लागेल असं १० सेकंद, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत १० सेकंद, आणि शेवटी एका पायावर. पाय लावेपर्यंत धरायचं, मग हात सोडायचे, पण ओट्याच्या वरच ठेवायचे. जिथं १० सेकंद होत नाहीत तिथं थांबायचं. एका रेषेतलं १० सेकंद जमत नसेल तर पडायचा धोका जास्त असतो. तारीख आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता व्यायाम

सुरुवातीला दोन-तीन मिनिटं ओट्याला धरून जागच्या जागी पावलं टाका, गुडघे जरा वर, आणि घोटे गोल फिरवा. थंडीत सकाळी सातला सांधे आखडलेले असतात, तेव्हा जरा ऊन आल्यावर करा.

सगळ्यात महत्त्वाचं खुर्चीतलं उठणं. दुसरं काहीच नाही केलंत तरी एवढं करा. बहुतेक म्हातारी माणसं मागं रेलून बसलेली असतात आणि तिथूनच उठायला बघतात, मग कंबर उचलत नाही आणि हात टेकायला लागतात. तसं नाही. आधी बूड पुढच्या कडेपर्यंत सरकवायचं. पाय मागं ओढायचे, टाचा गुडघ्याच्या जरा मागं आल्या पाहिजेत, पावलांत वीतभर अंतर. मग छाती पुढं झुकवायची, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून टाचा जमिनीत दाबत उठायचं. आक्कांना हे झुकणंच जमत नव्हतं, पुढं तोंडावर पडीन असं वाटायचं, म्हणून मी त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची पाठमोरी ठेवली आणि त्यावर नातू बसवला, मग त्या झुकायला लागल्या. बसतानाची गोष्ट तर अजून महत्त्वाची, धप्पकन टाकायचं नाही अंग, मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली यायचं. सावकाश खाली येतानापण मांडीला व्यायाम होतो. सुरुवातीला खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, दोन हातांनी, मग एका हातानं, मग हात मांडीवर, मग छातीवर, आणि शेवटी उशी काढा. पाच वेळा, दम खाऊन परत पाच वेळा. गुडघ्याची झीज असलेल्यांनी उंच खुर्चीवरच करावं, थोडं दुखलं आणि तासाभरात थांबलं तर चालतं, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

मग ओट्याकडं तोंड करून टाचा वर, चवड्यावर उभं, सावकाश खाली, दहा वेळा. मग उलटं, चवडे वर आणि टाचेवर भार, यात बूड मागं जातं ते जाऊ द्यायचं नाही. ह्या दुसऱ्याकडं लोक दुर्लक्ष करतात पण पाऊल उचललं न गेल्यामुळंच पायपुसण्यात आणि उंबऱ्यात अंगठा अडकतो. मग एक पाय बाजूला, गुडघा सरळ, फार वर नाही, एक फूटभर, दहा-दहा वेळा, अंग दुसरीकडं कलायला नको. आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खेकड्यासारखं आडवं चालायचं, जाऊन येऊन चार खेपा.

तोलाचं आता. वर मोजमापात जी उभं राहायची पद्धत जेमतेम जमली तीच तुमची सरावाची. जी सहज जमते तिचा उपयोग नाही आणि ज्यात हात सोडल्यासोडल्या तोल जातोच, ती पण नको. घोटे जरा जरा थरथरतायत, लक्ष द्यावं लागतंय, पण भीती वाटत नाहीये, बस तेवढं. हाताचा आधार कमी कसा करायचा ते बघा : आधी दोन्ही तळवे ओट्यावर, मग एकच तळवा, मग दोन बोटं, मग एक बोट, मग बोट ओट्यापासून इंचभर वर. आक्कांना दोन बोटांपासून एका बोटावर यायला तीन आठवडे लागले. मला घाई झालेली, त्यांना नव्हती, आणि त्यांचंच बरोबर होतं. प्रत्येक बाजूला १० सेकंद, तीनदा. ३० सेकंद आरामात व्हायला लागलं की त्यातच मान डावी-उजवीकडं सावकाश फिरवा, किंवा सतराचा पाढा म्हणा, किंवा कुणाशीतरी बोला, कारण खऱ्या आयुष्यात माणूस काही मुकाट उभा नसतो. डोळे मिटून करायचं मात्र एकट्यानं कधीच नाही.

त्यानंतर ओट्याच्या कडेनंच टाचेला बोटं लावत दहा पावलं पुढं, आणि जमायला लागलं की उलटी पावलं मागं. नजर पायाकडं नको, समोरच्या खिडकीकडं.

आणि वळणं. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण आमच्या घरात दुखणं इथूनच आलं. ओट्यापासून मागच्या खुर्चीकडं वळायचंय, तर एका पायावर गिरकी घ्यायची नाही, लहान लहान चार-पाच पावलं टाकत पूर्ण वळायचं, आधी पाय आणि पायांबरोबर अंग. उजवीकडून पाच, डावीकडून पाच. आक्का अजूनही वळताना तोंडानं एक दोन तीन चार म्हणतात. दूध उतू जायचंच असेल तर जाऊ दे, ओटा पुसता येतो, हे आम्ही घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. फोन वाजला, बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली तरी तेच.

एवढं सगळं करायला अर्धा तास लागतो. आठवड्यातनं किमान तीन दिवस, जागतिक आरोग्य संघटनेनंपण ६५ च्या पुढच्या लोकांसाठी तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन किंवा जास्त दिवस असंच सांगितलंय. मधल्या दिवशी चालणं. पहिल्याच आठवड्यात सगळं करायला जाऊ नका, खुर्ची, टाचा आणि पाय जोडून उभं राहणं एवढंच पुरे, बाकीचं हळूहळू घाला. फरक दिसायला दीड-दोन महिने जातात. आणि सोडलं की गेलं हेपण तितकंच खरं, दिवाळीत पाहुणे होते म्हणून आमचं तीन आठवडे बंद पडलं तर आक्का परत दोन बोटांवर आल्या होत्या.

पडलंच तर उठायचं कसं

हे पडायच्या आधी शिकायचं, गादीवर, कुणीतरी जवळ असताना. गुडघे बदललेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पडल्यावर पहिलं मिनिट काहीच करायचं नाही, श्वास घ्यायचा, कुठं दुखतंय का बघायचं. खुबा, मांडी, मान, कंबर जोरात दुखत असेल किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळल्यासारखा दिसत असेल तर हलायचं नाही, १०८ ला फोन, अंगावर चादर. काही मोडलेलं वाटत नसेल तर कुशीवर व्हायचं, कोपरावर रेटा देऊन उठायचं, मग रांगायच्या अवस्थेत यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, जो पाय चांगला तो पुढं टाकून पाऊल जमिनीवर, आणि हात-पायांनी मिळून रेटा देत उठून वळून बसायचं. घरातल्यांनी बगलेत हात घालून वर ओढायचं नाही, ओढणाऱ्याची कंबर जाते आणि पडलेल्याचा खांदा. खुर्ची आणून जवळ द्या आणि कसं करायचं ते तोंडानं सांगत राहा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर काही होत नाहीये असं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच.

घरातलं थोडक्यात : बाथरूमच्या भिंतीत ड्रिल मारून बसवलेला स्टीलचा दांडा (चिकटवायचा नाही, टॉवेलचा तर नाहीच), पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर बारीक दिवा, सुटी पायपुसणी काढून टाका, आणि रात्री उठताना आधी काठावर मिनिटभर बसून पाय हलवून मग उभं राहायचं.

आक्का आता ३० सेकंदात हातांशिवाय ११ वेळा उठतात. एका रेषेत उभं राहणं २० सेकंद होतं, एका पायावर अजून सहाच. परवा हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो तर रिक्षातनं स्वतःच्या स्वतः उतरल्या आणि देवळाच्या पायऱ्या एका हातानं कठडा धरून चढल्या. घाटाच्या मात्र वरच्याच पायरीवरनं नदीला हात जोडायचे असं ठरलंय, खाली पाण्याच्या कडेला शेवाळ असतं.